चिप-उद्योग वाढत गेला, मग प्रत्येक पायरीवर दोन-तीनच कंपन्या का उरल्या?

कोरी_पाटी (प्रश्न)

नमस्कार. मी अभियंता नाही. माझे काम हिशेब तपासण्याचे आहे. गेले काही महिने अर्धवाहक उद्योगातील कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत आहे आणि एका गोष्टीचा उलगडा होत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

कोणतीही बाजारपेठ मोठी होऊ लागली की तेथे नवे विक्रेते शिरतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. चिपांची जागतिक विक्री १९९४ मध्ये प्रथमच १०० अब्ज डॉलरच्या वर गेली, २००० मध्ये ती २०४ अब्ज होती आणि २०२४ मध्ये ६२५ अब्जांच्या पुढे गेली. याच काळात स्पर्धक मात्र कमी होत गेलेले दिसतात. या शतकाच्या आरंभी, १३० नॅनोमीटरच्या पिढीत, सर्वांत पुढचे तंत्रज्ञान स्वतःच्या कारखान्यात वापरणाऱ्या कंपन्या वीसहून अधिक होत्या. आज टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल या तीनच उरल्या आहेत. संगणक चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या डीरॅम मेमरीचा जवळजवळ सारा बाजार तीन कंपन्यांकडे आहे, रचनेसाठी लागणारी सॉफ्टवेअर प्रामुख्याने तीन कंपन्यांची आहेत आणि अतितीव्र अतिनील किरणांवर चालणारी, म्हणजे ईयूव्ही, यंत्रे तर नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते.

ज्याच्याजवळ पुरेसा पैसा आहे त्याला ही कोंडी फोडता का येत नाही? आणि एनव्हिडियासारखी कंपनी स्वतःचा एकही चिप-कारखाना नसताना एवढी मोठी कशी होऊ शकते? ताळेबंदात मला एवढेच कळते की फाउंड्रीच्या, म्हणजे इतरांच्या चिपा बनवून देणाऱ्या कंपनीच्या, उत्पादनखर्चात घसारा हा फार मोठा भाग असतो आणि मजुरी त्यामानाने किरकोळ असते. यापलीकडचे कारण कोणी समजावून सांगेल काय?

---

पिवळा_दिवा

मी अकरा वर्षे एका फॅबमध्ये, म्हणजे चिप-कारखान्यात, लिथोग्राफी (प्रकाशाने चिपेची नक्षी छापण्याच्या) विभागात काम केले आहे. (तेथे सगळीकडे पिवळा प्रकाश असतो, कारण वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या ज्या पातळ चकतीवर चिपा घडवतात तिच्यावरच्या, प्रकाशसंवेदी लेपावर निळ्या आणि अतिनील किरणांचा परिणाम होतो. माझ्या टोपणनावाचा उगम एवढाच.) आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते आहे: उतारा, म्हणजे बनवलेल्या चिपांपैकी चालत्या निघणाऱ्या चिपांचे प्रमाण. पैशाने यंत्रे मिळतात, उतारा मिळत नाही.

३०० मिलिमीटर व्यासाचा एक वेफर घ्या. त्यावर प्रत्येकी १ चौरस सेंटीमीटरच्या चिपा काढल्या तर कडेचा भाग वगळून साधारण ६४० बसतात. आता दर चौरस सेंटीमीटरला सरासरी अर्धा घातक दोष पडतो असे धरा. दोष कोठेही पडू शकतात, त्यामुळे साध्या गणिताने सुमारे ६१ टक्के चिपा चांगल्या निघतात, म्हणजे ३९० च्या आसपास. हाच दोषदर ०.१ वर आणला तर उतारा ९० टक्क्यांवर जातो आणि त्याच वेफरातून ५८० च्या जवळपास चिपा हाती लागतात. खर्च तोच, वीज तीच, माणसे तीच.

मोठ्या चिपांचे गणित याहून निर्दय आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरल्या जाणाऱ्या ८ चौरस सेंटीमीटरच्या चिपा एका वेफरवर ६५ च्या आसपास बसतात. अर्ध्या दोषाच्या दराने त्यातील जेमतेम एक चालती निघेल, ०.१ च्या दराने २९ निघतील. दोन फॅब शेजारीशेजारी उभे आहेत, दोघांनी तीच यंत्रे त्याच किमतीला घेतली आहेत, आणि तरीही एकाला एका वेफरमागे एक चिप मिळते व दुसऱ्याला एकोणतीस, अशी ही परिस्थिती आहे. (प्रत्यक्षात चिपेचा बिघडलेला भाग बंद करून उरलेली विकण्याची सोय रचनेतच ठेवतात, त्यामुळे चित्र इतके टोकाचे राहत नाही, पण दिशा हीच.)

दोषदर खाली आणण्याचा सोपा मार्ग कोणालाच ठाऊक नाही. प्रगत चिप तयार व्हायला हजाराच्या आसपास टप्पे आणि सुमारे तीन महिने लागतात. प्रत्येक टप्पा ९९.९ टक्के बिनचूक झाला तरी हजार टप्प्यांनंतर ३७ टक्केच माल वाचतो. ९० टक्के हवा असेल तर प्रत्येक टप्प्याला ९९.९९ टक्के अचूकता लागते. आमच्याकडे एकदा वेफरच्या कडेजवळच्या चिपा तीन आठवडे मरत होत्या. लिथोग्राफीवर संशय आला, म्हणून आम्ही रात्री जागवून आमच्या यंत्रांची सगळी मोजमापे पुन्हा तपासली. त्यात काही सापडले नाही. शेवटी दोष निघाला धुलाईच्या यंत्रातील एका झडपेच्या रबरी कड्यात: ते बदलताना आकाराने तंतोतंत पण किंचित वेगळ्या द्रव्याचे कडे बसवले गेले होते. ही माहिती कोणत्याही पुस्तिकेत नव्हती, ती त्या दिवसानंतर आमच्या फॅबच्या नोंदवहीत आली. अशा हजारो नोंदी म्हणजे फॅबचे खरे भांडवल, आणि त्या ताळेबंदात दिसत नाहीत.

आता यातून उद्योगाची रचना कशी तयार होते ते पाहा. ज्याच्या फॅबमधून अधिक वेफर जातात त्याला अधिक चुका लवकर दिसतात, त्याचा उतारा लवकर सुधारतो, त्याची चिप स्वस्त पडते, म्हणून ग्राहक त्याच्याकडे जातात आणि त्याचे वेफर आणखी वाढतात. मागे पडणाऱ्याच्या बाबतीत हेच चक्र उलटे फिरते. त्यात दर पिढीगणिक कारखान्याची किंमत वाढत जाते. आज प्रगत फॅब २० अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि टीएसएमसीने २०२२ या एका वर्षात ३६ अब्ज डॉलर भांडवली खर्च केला. ग्लोबलफाउंड्रीजने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचे काम मध्येच थांबवले, ते अभियंते कमी पडले म्हणून नव्हे. पुढच्या पिढीचा खर्च वसूल होईल इतके वेफर आपल्याकडे येणार नाहीत, हे तिला दिसत होते.

(‘७ नॅनोमीटर’, ‘३ नॅनोमीटर’ ही आता पिढ्यांची नावे आहेत. त्या चिपेत तेवढ्या मापाचे काही शोधू नये, सापडणार नाही.)

यंत्राचेही तसेच. ईयूव्ही यंत्रात सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा कथिलाचा, केसाहूनही बारीक असा वितळलेला थेंब सोडला जातो. त्यावर लेसरचा पहिला झटका बसतो तेव्हा तो चपटा होतो, दुसऱ्या झटक्याने त्याचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश काच आणि हवा दोन्ही शोषून घेतात, म्हणून सारा मार्ग निर्वातात आणि भिंगांऐवजी आरशांवरून. आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेसर जर्मनीच्याच ट्रम्फचा आणि प्रकाशस्रोताचे तंत्र कॅलिफोर्नियातील सायमर या कंपनीचे, जी एएसएमएलने २०१३ मध्ये विकत घेतली. निकॉन आणि कॅनन या लिथोग्राफीतील जुन्या मातब्बर कंपन्या या वाटेवरून मागे फिरल्या. एएसएमएललाही एकटीला ते झेपले नसते. २०१२ मध्ये इंटेलने तिचे १५ टक्के, टीएसएमसीने ५ टक्के आणि सॅमसंगने ३ टक्के भाग घेऊन संशोधनाला पैसा पुरवला. ग्राहकांनीच वर्गणी काढून आपला एकमेव पुरवठादार उभा केला, असे म्हणायला हरकत नाही. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात ही यंत्रे २०१९ च्या सुमारास आली. जगात असे यंत्र घेणारेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसरा निर्माता ते कोणाला विकणार?

---

कोरी_पाटी

आपण फार सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. वेफरचे गणित मी कागदावर करून पाहिले, ते बरोबर येते. मात्र उताऱ्यावरून प्रगत चिपांचा खुलासा होतो. मेमरीचा होतो का? तेथे तर नफातोट्याचे आकडे झोपाळ्यासारखे हलतात. शिवाय एकूण विक्रीही सलग चढत गेलेली नाही. २००१ मध्ये ती २०४ अब्जांवरून १३९ अब्जांवर आली, म्हणजे एका वर्षात जवळजवळ एक तृतीयांश गेली. २०२३ मध्येही ५७४ वरून ५२७ वर उतरली.

---

भावफलक

मी सुट्या भागांच्या खरेदीत आयुष्य काढले आहे, म्हणून मेमरीबद्दल लिहितो.

प्रोसेसर बदलायचा तर सारी रचना बदलावी लागते. डीरॅमचे तसे नाही: तिचे मानक ठरलेले असते, त्यामुळे एका कंपनीचा माल थोड्याफार चाचण्यांनंतर दुसरीच्या जागी बसतो आणि खरेदीदार भावावरच बोलतो. दुसरीकडे कारखान्याचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. भाव पडले तरी वीज, रसायने आणि वेफर यांचा खर्च निघत असेल तोवर यंत्रे चालू ठेवणे हेच प्रत्येक कंपनीला कमी तोट्याचे वाटते. सगळेच असा विचार करतात, माल साचतो आणि भाव आणखी कोसळतात. चांगल्या दिवसांत सगळ्यांनी एकाच वेळी कारखाने बांधायला घेतलेले असतात आणि ते दोन-तीन वर्षांनी, नेमके मागणी ओसरल्यावर, तयार होतात. या उद्योगातील तेजी-मंदीचे मूळ पुष्कळसे येथे आहे.

प्रत्येक मंदीने कोणाला तरी गिळले. इंटेलची सुरुवात मेमरीनेच झाली होती, पण जपानी कंपन्यांच्या रेट्यापुढे तिने १९८५ मध्ये डीरॅम सोडून दिली आणि प्रोसेसरवर भर दिला. त्या दशकाच्या अखेरीस जगातील चिप-विक्रीचा निम्मा वाटा जपानकडे होता. सॅमसंगने १९८३ मध्ये ६४ किलोबिटची डीरॅम तयार केली आणि त्यानंतर मंदीतही बांधकाम चालू ठेवण्याचे धोरण धरले. इतर थांबत तेव्हा ती खर्च करी. जर्मनीच्या किमोंडाने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये बुडाली आणि पुढल्या वर्षी मायक्रॉनच्या पोटात गेली. उरल्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन.

तीनच उरल्यामुळे शिस्त आली, असे माझे मत आहे. २०२३ च्या मंदीत सॅमसंगनेही उत्पादन कमी करत असल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या खरेदी विभागात सगळे चकित झाले होते, कारण ही कंपनी असे करत नाही हा आमचा पिढीजात समज होता. त्यानंतर थरावर थर रचलेल्या एचबीएम मेमरीला मागणी आली आणि पारडे विक्रेत्यांकडे झुकले. एचबीएम बाजारातल्या पोत्यातून उचलून घ्यावी तशी मिळत नाही; ती ग्राहकाच्या चिपेबरोबर चाचण्या करून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे या मालाच्या बाबतीत भावावरच अडून बसण्याची आम्हा खरेदीदारांची जुनी सवय निरुपयोगी ठरली आहे.

---

नकाशे_काढणारा

एनव्हिडियाविषयीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. मी चिपांची रचना करतो, आणि आमच्या कार्यालयात सिलिकॉनचा कणही नसतो.

पूर्वी रचना आणि निर्मिती एकाच छपराखाली असे, कारण रचनाकाराला प्रक्रियेचे बारकावे तोंडपाठ असावे लागत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी रचनेचे नियम इतके सुटसुटीत मांडले की फॅबमध्ये पाऊल न टाकताही चिपेचा आराखडा काढता येऊ लागला. तरीही असा आराखडा छापून द्यायला इतरांच्या फॅबमधील रिकामा वेळ मागावा लागे, आणि तो देणारी कंपनी बहुधा आपलीच स्पर्धक असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे काढलेल्या मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानच्या सिंचू येथे टीएसएमसी सुरू केली तेव्हा तिची नवलाई तंत्रात नव्हती. ‘आम्ही स्वतःची एकही चिप विकणार नाही’ या बंधनात होती. ग्राहक आपला आराखडा निर्धास्तपणे देऊ शकला. एनव्हिडिया १९९३ मध्ये निघाली ती याच आधारावर. एएमडीनेही २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले, आणि तेच पुढे ग्लोबलफाउंड्रीज झाले.

या मोकळेपणाची दुसरी बाजू बाहेरून दिसत नाही. फाउंड्री आम्हाला तिच्या प्रक्रियेचे नियम देते: दोन तारांत किमान किती अंतर हवे, कोणता ट्रान्झिस्टर किती वेगाने चालेल, कोठे काय ठेवायचे नाही. सिनॉप्सिस, केडन्स किंवा सीमेन्सची सॉफ्टवेअर याच नियमांवर चालतात. एका फाउंड्रीसाठी काढलेला आराखडा दुसरीकडे छापता येत नाही. तर्क तोच राहतो, पण मांडणी आणि तपासणी पुन्हा करावी लागते. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिने भावावरून फाउंड्री बदलण्याचे ठरवले. चार महिन्यांचा अंदाज होता, चौदा लागले, आणि तोवर ज्या उपकरणासाठी ती चिप होती त्याचीच पुढची आवृत्ती बाजारात आली होती. तेव्हा एक पायरी मोकळी झाली म्हणून पुढची पायरी निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते, असे नाही.

---

जुनी_कात्रणे

वरील सर्व प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु त्यांतून असा समज होईल की उद्योगाची ही रचना बाजाराच्या गणितातून आपोआप घडली. मला ते मान्य नाही.

एकात्मिक मंडल, म्हणजेच चिप, १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी स्वतंत्रपणे साकारले. ते मंडल इतके महाग होते की आरंभीची मोठी गिऱ्हाइके मिनटमन क्षेपणास्त्र आणि अपोलोचा मार्गदर्शक संगणक ही होती. म्हणजे उतारा सुधारण्याची पहिली शिकवणी अमेरिकी सरकारच्या पैशांतून झाली. जपानने १९७६ मध्ये आपल्या स्पर्धक कंपन्यांना एका सरकारी संशोधन प्रकल्पात एकत्र बसवले. १९८६ मध्ये अमेरिकेने जपानशी करार करून मेमरीच्या भावांना तळ घातला, आणि त्या आडोशाचा लाभ कोरियाला झाला. टीएसएमसीच्या आरंभीच्या भांडवलात जवळजवळ निम्मा वाटा तैवान सरकारचा आणि २७.५ टक्के फिलिप्सचा होता. मॉरिस चँग यांना तैवानात बोलावले तेही तेथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून.

हल्लीची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन पदार्थांवर निर्यात-परवान्याची अट घातली, त्यांत प्रकाशसंवेदी लेप आणि हायड्रोजन फ्लोराइड होते. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा करून ५२.७ अब्ज डॉलरची तरतूद केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनला जाणाऱ्या प्रगत चिपा व यंत्रांवर निर्बंध लादले. टीएसएमसी ॲरिझोनात आणि जपानच्या कुमामोतोत गेली ती वेफरचे गणित तेथे अधिक चांगले जुळते म्हणून नव्हे.

---

पिवळा_दिवा

जुनी_कात्रणे यांचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पहिला धक्का कोण देतो, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘सरकार’ असेच येते. पण धक्का मिळालेले पुष्कळ होते आणि टिकलेले थोडे. किमोंडाच्या मागेही भले मोठे औद्योगिक घराणे आणि सरकारी मदत होती. शिवाय सरकारे ज्या पायऱ्यांकडे पाहतही नाहीत, तेथेही हीच एकवट दिसते. प्रोसेसर ज्या पातळ पाटीवर बसवतात तिच्या थरांमध्ये घालण्याची विद्युतरोधक फिल्म जवळजवळ सगळी अजिनोमोतोकडून येते. होय, तीच स्वयंपाकाच्या चवीची भुकटी विकणारी जपानी कंपनी, जिला अमिनो आम्लांच्या रसायनातून हे द्रव्य गवसले. सिलिकॉन वितळवण्याच्या मुशींसाठी लागणारे अतिशुद्ध क्वार्ट्झ बहुतांशी उत्तर कॅरोलायनातील स्प्रूस पाइन या एका छोट्या गावातून येते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे चक्रीवादळाचा पूर आला तेव्हा अनेकांनी त्या गावाचे नाव पहिल्यांदा ऐकले.

---

कोरी_पाटी

आता शेवटची शंका. फॅबची यंत्रे पुस्तकात साधारण पाच वर्षांत घसाऱ्याने शून्यावर येतात, पण ती त्यानंतरही चालतात. मग २०२१ मध्ये मोटारींना नेमक्या जुन्या, साध्या चिपांचीच टंचाई का पडली? त्या तर सर्वांत सोप्या असायला हव्यात.

---

भावफलक

उत्तर आपल्या प्रश्नातच आहे. घसारा संपलेल्या फॅबमधून निघणारी चिप इतक्या कमी भावाला विकली जाते की त्या भावात नव्या यंत्रांचा खर्च निघत नाही, म्हणून जुन्या पिढीसाठी नवा कारखाना कोणी सहसा बांधत नसे. मोटार कंपन्यांनी २०२० च्या आरंभी मागण्या रद्द केल्या, ती जागा संगणक आणि दूरध्वनींच्या चिपांनी घेतली, आणि काही महिन्यांनी मोटारवाले परतले तेव्हा रांग लागलेली होती. त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधील रेनेसासच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. एका मायक्रोकंट्रोलरसाठी मी तेव्हा बावन्न आठवड्यांची मुदत ऐकली आहे; एरवी तोच माल बारा आठवड्यांत येई.

---

पिवळा_दिवा

एक पुरवणी जोडतो. जुन्या फॅबची क्षमता वाढवायची म्हटले तरी २०० मिलिमीटर वेफरची यंत्रे नवी फारशी मिळत नाहीत, आणि जुनी यंत्रे विकणारे दलाल त्या वर्षी तोंडाला येईल तो भाव सांगत होते. आमच्या जुन्या दालनात एक स्टेपर, म्हणजे वेफरवर नक्षी छापणारे यंत्र, माझ्या नोकरीच्या आधीपासून चालू होता. त्याचे सुटे भाग बनणे बंद झाले, तेव्हा कंपनीने बंद पडलेल्या एका फॅबमधून तसाच दुसरा विकत आणला, तो भांडारात खोलून ठेवला आणि पहिला चालू राहावा म्हणून वर्षानुवर्षे त्याचे एकेक अवयव काढून वापरले. मी नोकरी सोडली तेव्हा दुसऱ्याचा सांगाडा उरला होता आणि पहिला रोज माल काढत होता.